८० किलोमीटरची तयारी: पळवणं कमी, नाडी मोजणं जास्त

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मारवाडी घोडी ८ वर्षांची, शिंगरू असल्यापासून तुमच्याकडे, ४० किलोमीटरची एन्ड्युरन्स राइड (लांब पल्ल्याची घोडेस्वारी स्पर्धा) आरामात पूर्ण केलेली. आता थंडीत ८० ला उतरायचंय, तर रोज किती पळवायची?

रोज पळवूच नका. आठवड्यातून तीन दिवस काम, त्यातला एक दिवस लांब पल्ला, बाकी दिवस मोकळं चरणं आणि हातात धरून फिरवणं, एवढं पुरतं. ८० साठी ८० ची तालीम लागत नाही. ५०-५५ किलोमीटर सावकाश करून दुसऱ्या दिवशी सकाळी ती चंदीवर तुटून पडत असेल आणि चारही पाय हाताला थंड लागत असतील, तर ती तयार आहे.

रोजच्या रपेटीला माझा विरोध पायांसाठी आहे. हृदय आणि फुफ्फुसं दोन-तीन महिन्यांत तयार होतात. कंडरा आणि हाडं यांना सहा महिने ते वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं. घोडीला दम लागत नाही, ती पुढे ओढते, स्वार खूश होतो आणि पाय मात्र अजून कच्चे असतात. डांबरी रस्त्यावर दुडकी नको, नांगरलेल्या काळ्या रानातही नको. मुरमाची पांदण मिळाली तर सोनं. ‘मराठ्यांची घोडी एवढी मजल मारत, मग हिला ८० काय जड’ असं कुणीतरी सांगायला येईलच. त्या मजलांत बरोबर कोतल, म्हणजे बदलायला मोकळी नेलेली, घोडी असत, हे त्यांना सांगा. तुमच्याकडे एकच आहे.

आता मुख्य मुद्दा. एन्ड्युरन्स दिसते शर्यतीसारखी, पण निकाल स्टेथोस्कोपखाली लागतो. अंतर टप्प्यांत विभागलेलं असतं आणि प्रत्येक टप्प्यानंतर घोडी व्हेट गेटला, म्हणजे पशुवैद्यांच्या तपासणी नाक्यावर, दाखवायची असते. आंतरराष्ट्रीय नियमांत साधारणपणे १५ मिनिटांत नाडी मिनिटाला ६४ किंवा त्याखाली यावी लागते, शेवटच्या तपासणीला २० मिनिटं मिळतात. तुमच्या स्पर्धेचं परिपत्रक मात्र नीट वाचा, आकडे बदलतात. मधल्या गेटवर रेषा ओलांडली म्हणून घड्याळ थांबत नाही. घोडी तपासणीला आत नेईपर्यंत ते चालूच राहतं. म्हणजे भरधाव येऊन नाडी उतरायची वाट बघत बसणाऱ्यापेक्षा शेवटचा अर्धा-पाऊण किलोमीटर खाली उतरून, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल करून चालत आलेला स्वार बरेचदा आधी पुढे निघतो.

म्हणून आजच स्टेथोस्कोप घ्या. डाव्या कोपरामागे, तंग येतो तिथेच लावायचा. लब आणि डब मिळून एक ठोका, नवखे लोक हमखास दुप्पट मोजतात. विश्रांतीत २८ ते ४४ च्या दरम्यान आकडा येईल. तो रोज सकाळी वहीत लिहा. कामानंतर दोन, पाच आणि दहा मिनिटांनी पुन्हा. महिनाभरात तुम्हाला तुमच्या घोडीची रीत कळेल आणि तीच खरी तयारी. व्हेट घेतात ती एक परीक्षा घरीही करता येते: नाडी मोजा, ४० मीटर दुडकीने नेऊन परत आणा, निघाल्यापासून बरोबर एका मिनिटाने पुन्हा मोजा. आकडा तेवढाच किंवा कमी आला तर घोडी ताजी. चार-पाच ठोक्यांहून जास्त वाढला तर ती थकलीय, पाणी कमी पडलंय किंवा कुठेतरी दुखतंय.

पाण्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण घोडी बाहेर पडते ती बहुतेक लंगडण्यामुळे, नाहीतर यामुळे. माणसाचा घाम रक्तापेक्षा पातळ असतो. घोड्याचा रक्ताइतकाच खारट किंवा त्याहून जास्त. त्यामुळे शरीरातलं पाणी कमी होऊनही त्याला तहान लागेलच असं नाही. उष्ण दमट हवेत तासाला १० ते १५ लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो. मीठ द्यायचंच, पण पाणी पिऊन झाल्यावर. न प्यायलेल्या घोडीच्या तोंडात दाट इलेक्ट्रोलाइट (क्षारांचं मिश्रण) मारलं तर ते उलट आतड्यात पाणी खेचतं. परक्या गावचं पाणी काही घोडी हुंगून सोडतात. घरीच पाण्यात मूठभर कोंडा टाकून प्यायची सवय लावा, तिथे उपयोगी पडते. माझी घोडी पहिल्या थांब्यावर पाण्याला तोंडही लावत नाही, दुसऱ्यावर बादली रिकामी करते. पूर्वीपासून माहीत असल्यामुळे मी घाबरत नाही.

आदल्या रात्री आणि प्रत्येक थांब्यावर सुकं गवत भरपूर द्या, जमलं तर भिजवून. मोठ्या आतड्यातल्या चोथ्यात पाणी आणि क्षार साठून राहतात. निघण्याआधीच्या तीन-चार तासांत हरभरा, जव काही नको. आपल्याकडे लसूणघासाचं फार कौतुक आहे, पण त्यात कॅल्शियम जास्त. कायम लसूणघासावर असलेल्या घोडीच्या शरीराला हाडांतलं कॅल्शियम पटकन सोडायची सवय राहत नाही. लांब पल्ल्यात घामावाटे ते गेलं की कुशी हृदयाच्या ठोक्यासरशी उडायला लागतात. याला थम्प्स म्हणतात आणि राइड तिथेच संपते. स्पर्धेच्या काही आठवडे आधीपासून हळूहळू लसूणघास कमी करा.

‘तापलेल्या अंगावर गार पाणी नको, स्नायू धरतात’ हे तुमचा मोतद्दार म्हणेल, नालबंदही म्हणेल. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकआधी यावर बरंच संशोधन झालं, त्यात ही भीती खोटी ठरली. मान, छाती, पाय, पाठ, सगळीकडे सतत ओतत राहा.

स्पर्धेच्या दिवशी नवीन काही वापरू नका, ना खोगीर, ना नमदा (खोगिराखालची जाड घडी). नालबंदी आठवडाभर आधी झालेली असावी. सुरुवातीला सगळा घोळका सुटतो तेव्हा तुमची घोडी पेटणार. नियमात बसत असेल तर पाच-दहा मिनिटं उशिरा निघा. पहिल्या टप्प्यात हाती लगाम ठेवता आला तर पुढचं सोपं जातं. उतारावर उतरून चाला, पायांना बरं वाटेल, दोघांच्याही.

आणि हो, मागे फिरण्याची तयारी ठेवा. कॅलिफोर्नियातली टेव्हिस कप, १९५५ पासूनची, १०० मैल २४ तासांत. तिथे जवळजवळ निम्मे लोक दरवर्षी पूर्ण करत नाहीत, आणि त्यांच्यातही कसलेले स्वार असतात. शेवटची रेषा ओलांडल्यावरही घोडी तपासणीत नापास झाली तर राइड पूर्ण धरत नाहीत. कान मागे, गवताला तोंड नाही, पोट गप्प (आतड्याचा आवाज नाही), हिरडी दाबल्यावर रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त वेळ: यातलं काहीही दिसलं तर स्वतःहून थांबा. ती शिंगरू असल्यापासून तुमची आहे, तिचं ‘आज नको’ तुम्हाला व्हेटच्या आधी कळेल.

राइड झाली की त्याच रात्री गाडीत चढवू नका. सकाळी चालवून, पाय चाचपून मगच निघा, आणि नंतर दोन-तीन आठवडे खोगीर खुंटीला. तुमचं परिपत्रक आलं की टप्पे किती किलोमीटरचे आहेत ते कळवा, वेगाचा हिशेब बसून करू.