जुन्या पद्मिनीसाठी प्रायमर कोणता आणि सीलर कुठे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : १९७८ची प्रीमियर पद्मिनी गाडी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात घरच्या शेडमध्ये उभी आहे, दारांच्या खालच्या कडा आणि डिकीचा पत्रा गंजला आहे. एक मेस्त्री एनसी (नायट्रोसेल्युलोज) प्रायमरवर, म्हणजे रंगाखालच्या थरावर, काम भागेल म्हणतात, दुसरे हार्डनर मिसळायच्या एपॉक्सी प्रायमरवर अडून बसले आहेत, दुकानदाराने सीलरचाही डबा सुचवला आहे, आणि गाडी गणपतीच्या आत तयार व्हावी अशी घरच्यांची इच्छा आहे. माझ्या मते दुसऱ्या मेस्त्रींचे ऐकावे, सीलरचे जुना रंग तपासून ठरवावे आणि गणपतीचा हट्ट सोडावा.

आधी गाडीवर सध्या कोणता रंग आहे ते पाहू. पांढरे सुती फडके एनसी थिनरमध्ये भिजवून टप, मडगार्ड आणि डिकी अशा निरनिराळ्या ठिकाणी अर्धा मिनिट दाबून धरावे. रंग विरघळून फडक्याला लागला तर वरचा थर एनसीचा, म्हणजे ज्याला गॅरेजमध्ये अजून ड्युको म्हणतात त्याचा आहे. रंग सुरकुतून उचलला गेला तर तो बहुधा सिंथेटिक इनॅमल आहे, आणि काहीच परिणाम झाला नाही तर टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणारा दोन भागांचा रंग आहे असे धरून चालावे. जुन्या गाडीवर अनेकदा तिन्ही प्रकार सापडतात, कारण प्रत्येक ठोकरीनंतर वेगळ्या हाताने वेगळा रंग मारलेला असतो.

एनसी प्रायमर केवळ थिनर उडून गेल्यामुळे वाळतो, त्यात रासायनिक बंध तयार होत नाहीत. त्यामुळे वरच्या रंगातले कडक थिनर त्याला पुन्हा मऊ करते आणि पॉलिश पेपरचे ओरखडे फुगून काही आठवड्यांनी रंगावर उमटतात. तो स्वस्त आहे, झटपट वाळतो आणि घासायला सोपा जातो, म्हणून मेस्त्रींना आवडतो. मात्र उघड्या पत्र्याचे पाण्यापासून रक्षण करण्याची ताकद त्याच्यात नाही, आणि खानापूरच्या पावसात नेमकी तीच लागते. अथणीच्या कोरड्या हवेत जे काही वर्षे खपून जाईल, ते आपल्याकडे एका पावसाळ्यात उघडे पडते.

या भागात रंग बिघडण्याचे माझ्या पाहण्यातले सर्वांत मोठे कारण म्हणजे पुट्टीत मुरलेले पाणी. पॉलिएस्टर पुट्टीत शंखजिऱ्याची भुकटी असते आणि घासलेली पुट्टी पाणी शोषून घेते. सरफेसर, म्हणजे घासून सपाटी आणण्यासाठी मारायचा जाड प्रायमर, हाही जलरोधक नसतो. तरीही बादलीत बोअरचे पाणी घेऊन सगळी गाडी वॉटर पेपरने घासण्याची पद्धत अजून चालू आहे. ते पाणी आत राहते आणि त्यातले क्षार पत्र्याजवळ साठतात. पुढच्या पावसाळ्यात हे क्षार रंगाच्या थरातून आणखी ओल खेचून घेतात आणि मोहरीएवढे फोड येतात. असा फोड सुईने टोचून पाहिला तर बारीक थेंब बाहेर येतो आणि त्याखाली पत्र्यावर तांबूस ठिपका दिसतो. तिथे दोष रंगाच्या कंपनीचा नसतो. पुट्टी कोरडीच घासावी. वॉटर पेपर फक्त शेवटच्या हाताला, पूर्ण वाळलेल्या टू-के सरफेसरवर, स्वच्छ पाण्याने चालवावा आणि नंतर गाडी दिवसभर उन्हात ठेवावी. घासताना कुठे पुट्टी किंवा पत्रा उघडा पडला, तर त्या जागी पुन्हा एपॉक्सी मारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

म्हणून थरांचा क्रम मी असा सुचवेन. गंज मुळापर्यंत काढून, भोके पडली असतील तिथे नवा पत्रा जोडून, पत्रा ८० ते १२० नंबरच्या पेपरने खरवडावा, मेण-ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसावा आणि त्याच दिवशी दोन हात एपॉक्सी प्रायमर द्यावा. उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर पावसाळी हवेत सकाळी त्यावर पिवळसर झाक आलेली असते. पुट्टी थेट पत्र्यावर भरावी की एपॉक्सीवर, यावर दोन मते आहेत आणि दोन्ही पद्धतींनी चांगली कामे होतात, पण आपल्या हवेत मी एपॉक्सीवरच भरतो. त्यावर टू-के सरफेसर, ३२०ने सपाटी, ६०० ते ८००ने शेवटचा हात.

ॲसिडचा वॉश प्रायमर यात कुठेच नको. त्यातल्या फॉस्फोरिक ॲसिडमुळे वरची पुट्टी नीट पकडत नाही, आणि एपॉक्सीच्या हार्डनरशीही त्याचे जमत नाही. गंज मारण्याचे रसायन वापरले असेल, तर तेही पूर्णपणे काढून टाकावे.

आता सीलर. तो रंगाच्या अगदी आधी मारायचा पातळ, न घासायचा थर आहे. त्याने खड्डा भरत नाही, गंज थांबत नाही आणि सुटत चाललेला जुना रंग धरूनही ठेवत नाही. गाडी पूर्ण पत्र्यापर्यंत खरवडून सगळीकडे एकसारखा सरफेसर मारला असेल, तर सीलरचा खर्च वाचवता येतो. मात्र टपावरचा रंग शाबूत म्हणून तो तसाच ठेवला आणि दारे नव्याने केली, तर कुठे जुना रंग, कुठे पुट्टीची कड, कुठे सरफेसर अशी ठिगळे होतात. नव्या रंगाचे थिनर प्रत्येक ठिगळात वेगळे मुरते आणि कडांच्या रेषा वर दिसतात. तिथे सीलर हवाच. काही जुने लाल रंग वरच्या पांढऱ्या रंगात उतरून गुलाबी छटा देतात, त्यांच्यावर साधा सीलर पुरत नाही, ते काढलेलेच बरे. एपॉक्सीच्या माहितीपत्रकात परवानगी असेल तर तोच पातळ करून सीलर म्हणून वापरता येतो, वेगळा डबा लागत नाही.

मुहूर्ताचे कारणही हवेतच आहे. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे दव होते त्यापेक्षा, किमान ३ अंश जास्त असावे लागते, आणि आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की गन खाली ठेवावी. पावसाळ्यात खानापुरात असे दिवस सलग मिळणे कठीण. पत्र्याचे काम आणि एपॉक्सी उघडीप पाहून आता उरकता येईल, पुढचे दसऱ्यानंतर. मधल्या काळात एपॉक्सीची पुढचा थर स्वीकारण्याची मुदत संपेल, तेव्हा त्याला आधी पेपर मारून खरखरीत करून घ्यावे. थंडीत रात्री १५ अंशांखाली पारा गेला की एपॉक्सी फार सावकाश पिकतो. नख दाबून खूण उमटत असेल तर पुट्टीची घाई करू नये.

प्रायमर, हार्डनर, थिनर एकाच कंपनीचे आणि एकाच संचातले घ्यावेत. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, ते श्वासातून गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. मेस्त्री तोंडाला रुमाल बांधून गन चालवत असतील, तर त्यांना बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क द्यावा, आणि फवारणी चालू असताना घरातल्या कोणालाही शेडमध्ये येऊ देऊ नये.