हायलँडर, २४ फुटी ट्रेलर आणि दारावरचा पिवळा स्टिकर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: घरी २०२१ची टोयोटा हायलँडर आहे, व्ही-सिक्स, हिच (मागे ट्रेलर अडकवायची जोडणी) बसवलेली, टोइंग क्षमता (ओढण्याची मर्यादा) ५,००० पौंड. डेन्व्हरच्या एका डीलरकडे बंक बेडवाला २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) पसंत पडलाय, त्याचं ड्राय वेट ४,३०० पौंड. जुलैत पुण्याहून आई-बाबा येतायत आणि तुम्ही दोघं, दोन मुलं आणि ते दोघं असे सहाजण यलोस्टोन नॅशनल पार्कला जाणार. डीलर म्हणतो, ७०० पौंड हातात राहतात, गाडी आरामात ओढेल.

हा ट्रेलर या गाडीमागे लावू नका. गाडी चांगली आहे, ट्रेलरही वाईट नाही, पण या दोघांची जोडी जमत नाही. आणि ती का जमत नाही हे ५,००० आणि ४,३०० या दोन आकड्यांतून कळतच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ड्राय वेट. ट्रेलर कारखान्यातून रिकामा बाहेर पडतो तेव्हाचं हे वजन. त्यात पाणी नाही, कपडे-भांडी नाहीत, बहुतेक वेळा बॅटरीही धरलेली नसते. असा रिकामा ट्रेलर तुम्ही ओढणार फक्त एकदाच, डीलरकडून घरी आणताना. ४० गॅलनची पाण्याची टाकी भरली की ३३४ पौंड वाढले (एक गॅलन पाणी म्हणजे ८.३४ पौंड). गॅसचे दोन भरलेले सिलिंडर आणि बॅटरी धरून साधारण १३० पौंड. अंथरुणं-पांघरुणं, खुर्च्या, पाण्याचे आणि सांडपाण्याचे होज, ठोकळे, हत्यारांची पेटी, कुकर, डाळ-तांदूळ-कणीक, आणि सहाजणांचं आठवड्याचं बाकीचं सामान मिळून ६०० पौंड सहज होतात. बेरीज केली की ५,३६४. म्हणजे ज्या ५,०००च्या भरवशावर आपण आहोत ते घरातून निघतानाच ओलांडले गेले. पाणी न भरता गेलात तरी वजन ५,०३० भरतं. ट्रेलर निवडताना त्याच्या पुढच्या डाव्या बाजूच्या स्टिकरवरचं जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे भरलेल्या ट्रेलरची कमाल मर्यादा, धरून हिशोब करा. तुमच्या ट्रेलरचं ते ५,८०० आहे. कुटुंबासोबत फिरणाऱ्यांचं वजन ड्राय वेटपेक्षा या आकड्याच्या जास्त जवळ जातं.

पण समजा तुम्ही काटेकोरपणे सामान भरलं आणि ट्रेलर बरोबर ५,०००वर आणला, तरी हा बेत बसत नाही. इथे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पिवळा-पांढरा स्टिकर बघायचा. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाता कामा नये. हे तुमच्या गाडीचं पेलोड. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचं वेगळं असू शकतं, कारण सनरूफ, मोठी चाकं, तिसऱ्या रांगेच्या सीट या सगळ्यांचं वजन त्यातून आधीच वजा झालेलं असतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत १,३६० दिसतोय.

आता ट्रेलरचं जे वजन हिचच्या बॉलवर टेकतं, ते टंग वेट, याच १,३६० मधून जातं. डीलर हे सांगत नाहीत. ट्रॅव्हल ट्रेलरचं टंग वेट भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. १३ टक्के धरले तर ५,३६४चे ६९७ पौंड. चार मोठी माणसं आणि दोन लहान मुलं मिळून मी ६९० धरतो. हे दोनच आकडे मिळवले की १,३८७ झाले, मर्यादा संपली. अजून वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे (बॉलवरचा भार पुढे-मागे वाटून देणाऱ्या हिचचे) ९० आणि गाडीच्या डिकीतल्या बॅगा, कूलर, आई-बाबांच्या औषधांची पिशवी वगैरे १२० आहेतच. एकूण १,५९७, म्हणजे २३७ पौंड जास्त. शिवाय हायलँडरची टंग वेटची मर्यादा ५०० आहे, आपण ७००च्या घरात आहोत. इंजिनची ताकद हा मुद्दा यात अजून आलेलाच नाही.

मग कंपनी ५,००० का छापते? तो आकडा खोटा नाही. अमेरिकेत टोइंगच्या चाचण्यांसाठी एसएई जे-२८०७ नावाचं मानक आहे. त्यातली चढाची चाचणी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या घाटावर बेतलेली आहे: ११.४ मैलांचा चढ, बाहेर १०० अंश फॅरनहाइट, एसी पूर्ण चालू, आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. अशी चाचणी पार केलेली गाडी ओढण्यात कच्ची नसते. पण त्या चाचणीत गाडीत दोनच माणसं धरलेली असतात, प्रत्येकी १५० पौंडांची, आणि टंग वेट १० टक्के. आपण मराठी माणसं दोघंच कॅम्पिंगला जातो कधी? गाडीत बसलेला प्रत्येक माणूस आणि प्रत्येक बॅग त्या ५,००० मधून कापली जाते, असं समजून चाला.

‘टोइंग क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत राहा’ हा नियम तुम्हाला सगळीकडे ऐकू येईल. वाईट नाही, पण माझा त्यावर फारसा विश्वास नाही. एसयूव्ही आणि हाफ-टन पिकअपमध्ये (मागे उघडा हौदा असलेल्या, फोर्ड एफ-१५० च्या वर्गातल्या गाड्यांमध्ये) पेलोड जवळजवळ नेहमी आधी संपतं. तो हिशोब नीट केला तर ८० टक्क्यांचा नियम वेगळा पाळावा लागत नाही.

टंग वेट जास्त होतंय म्हणून काहीजण सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला भरतात. हे अजिबात करू नका. बैलगाडीत मागे ओझं जास्त झालं की ती उलाळ होते आणि जू वर उचललं जातं, तसाच इथे हिचवरचा दाब सुटतो. दहा टक्क्यांच्या खाली गेलेला ट्रेलर शेजारून एखादा सेमी ट्रक गेला की शेपूट हलवायला लागतो, आणि ते झोके वेगाबरोबर वाढत जातात. अशा वेळी स्टिअरिंगने झोके आवरायला जाऊ नका आणि गाडीचा ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरची कळ हळूहळू दाबा, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागून तो मागे ताणला जातो आणि सरळ होतो. हायलँडरला हा कंट्रोलर वेगळा बसवून घ्यावा लागतो. लहान ट्रेलर घेतलात तरी तो हवाच, आणि ती कळ न बघता हाताला सापडेल अशा जागी बसवून घ्या.

टंग वेट जास्त झालं तर उलटा त्रास. हिच मागच्या ॲक्सलच्याही मागे असते, त्यामुळे तिथे दाब आला की गाडी मागे बसते आणि पुढची चाकं हलकी होतात. स्टिअरिंग तरंगल्यासारखं वाटतं, ब्रेक लांबतो. वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे बार यातला काही भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या ॲक्सलवर परत ढकलतात. उपयोगी वस्तू आहे, पण त्याने गाडीचं पेलोड वाढत नाही. काही कंपन्या आपल्या गाड्यांना ही हिच लावू देत नाहीत, तेव्हा खरेदीआधी मॅन्युअलमधलं टोइंगचं प्रकरण वाचा.

आता काय करता येईल. हायलँडरच ठेवायची असेल तर भरलेलं वजन ३,६०० पौंडांच्या आत राहील असा १६-१७ फुटी ट्रेलर बघा. त्याचं टंग वेट साधारण ४५०, सहा माणसं ६९०, हिच ९०, सामान १२०, मिळून १,३५०. काठोकाठ बसतं. अर्थात एवढ्या ट्रेलरमध्ये सहाजण झोपू शकत नाहीत, आई-बाबांसाठी केबिन घ्यावी लागेल, आणि यलोस्टोनमधल्या केबिन फार आधी भरतात. कापडी भिंतींचा पॉप-अप (मुक्कामी उघडून उभा करायचा घडीचा ट्रेलर) हलका असतो आणि झोपायला जागाही देतो, पण पार्कमधल्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये ग्रिझली अस्वलांमुळे कापडी भिंतीच्या ट्रेलरना परवानगी नाही, हे लक्षात असू द्या.

२४ फुटीच हवा असेल तर गाडी बदलावी लागेल. त्यातही ‘पिकअप आहे म्हणजे झालं’ असं नाही. एकाच वर्षाच्या दोन एफ-१५० शेजारी उभ्या असतात, चामड्याच्या सीटवाल्या भारीतल्या गाडीचं पेलोड १,४०० आणि साध्या गाडीचं १,९०० असू शकतं. डीलरच्या आवारात गेल्यावर आधी प्रत्येक गाडीचं दार उघडून स्टिकर वाचा, मग बाकीचं बोला. तुमच्या हिशोबाला १,७०० च्या वरचा आकडा हवा.

तुमच्या जागी मी असतो तर या उन्हाळ्यात काहीच विकत घेतलं नसतं. आई-बाबा इथे आहेत तोवर एक क्लास सी मोटरहोम (स्वतःच्या इंजिनवर चालणारं फिरतं घर) भाड्याने घ्यायची आणि तिच्यातून जाऊन यायचं. चौघांसाठी ट्रेलर नंतर निवांत निवडता येईल. सहाजणांचा हिशोब वर्षातून एकदा लागणार, चौघांचा दर वेळी.

ट्रेलर कधीही घ्या, पहिल्या मोठ्या प्रवासाआधी तो कॅट स्केलवर घाला. मोठ्या ट्रक स्टॉपवर हा काटा असतो. पुढची चाकं पहिल्या पट्टीवर, मागची दुसऱ्या, ट्रेलरची तिसऱ्या पट्टीवर येतील अशी गाडी उभी करायची, खांबावरचं बटण दाबून सांगायचं आणि आत जाऊन छापील चिठ्ठी घ्यायची. तीनदा वजन करा: हिचचे बार लावून, बार सोडून, आणि ट्रेलर बाजूला काढून नुसती गाडी, तीही सगळी माणसं आत बसलेली असताना. बार सोडलेल्या चिठ्ठीतल्या पुढच्या दोन पट्ट्यांच्या बेरजेतून नुसत्या गाडीचं वजन वजा केलं की खरं टंग वेट मिळतं. पुढच्या ॲक्सलचं वजन तिन्ही चिठ्ठ्यांत ताडून बघा. बार सोडल्यावर ते किती घटतं आणि लावल्यावर किती परत येतं, त्यावरून हिच नीट लागली आहे की नाही ते कळतं. त्याच दिवशीचं दुसरं-तिसरं वजन स्वस्तात होतं.

रस्त्याबद्दलही विचारलंत. डेन्व्हरहून शायेन, तिथून आय-८० ने रॉलिन्स, मग लँडर, डुबॉइस आणि टोगवोटी पास हा मार्ग चांगला आहे. शायेन आणि लॅरामीच्या मध्ये रस्ता ८,६४० फुटांवर जातो, टोगवोटी ९,६५८ फुटांवर. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना अंदाजे तीन टक्के ताकद गमावतं, म्हणजे तुमच्या व्ही-सिक्सची तिथे पाव ताकद गेलेली असते. चढावर घाई करू नका, आणि उतार सुरू व्हायच्या आधीच खालच्या गिअरमध्ये या. पण या वाटेवर माझी खरी काळजी चढाची नाही, लॅरामी ते रॉलिन्सच्या वाऱ्याची आहे. एल्क माउंटनच्या आसपास वारा इतका असतो की वायोमिंगचं वाहतूक खातं कधीकधी हलक्या आणि उंच वाहनांना तो रस्ता बंद करतं, आणि ट्रॅव्हल ट्रेलर त्यात येतो. निघायच्या सकाळी त्यांची रस्त्यांची माहिती बघा. इशारा असेल तर लॅरामीत थांबा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघा, सकाळच्या वेळी वारा सहसा कमी असतो.