वाचक विचारतात : सॅक्सोफोन, पावसाळा आणि नाव होणं

या खेपेला ठाणे-नवी मुंबईकडून सॅक्सोफोनवर इतकी पत्रं आली की सगळं सदर त्यालाच देत आहोत. काही प्रश्न थोडे छाटले आहेत.

मुलगी अठरा वर्षांची आहे. चार वर्षं आल्टो सॅक्सोफोन वाजवते, स्वतःच्या चालीही बांधते. परदेशी मासिकांत एखादा जॅझवादक ‘उगवता तारा’ म्हणून झळकला की तिला वाटतं, आपणही दोन-तीन वर्षांत तिथे पोहोचू. हे नाव नेमकं होतं कसं?
— एक पालक, पाचपाखाडी, ठाणे

‘उगवता’ हा शब्द जॅझमध्ये फार उशिरा चिकटतो. अमेरिकेतल्या ‘डाउनबीट’ मासिकाच्या समीक्षक-कौलात ‘रायझिंग स्टार’ हा वेगळा विभाग असतो. पूर्वी त्याच विभागाच्या नावाचा अर्थ ‘जास्त ओळख मिळायला हवी अशी गुणवत्ता’ असा होता. जुनं नाव अधिक खरं होतं, कारण त्या यादीत चाळिशीतली माणसंही सापडतात.

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचाच हिशेब मांडून बघा. जन्म 1926 चा. 1945-46 मध्ये नौदलाच्या बँडमध्ये, पुढची जवळजवळ दहा वर्षं दुसऱ्यांच्या बँडमध्ये. 1955 मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने आपल्या संचात घेतलं आणि 1957 मध्ये हेरॉइनपायी काढून टाकलं. त्याच वर्षी व्यसन सोडून तो पियानोवादक थेलोनियस मंकबरोबर न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’ क्लबात काही महिने वाजवत होता, आणि स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्डही त्याच वर्षीची. स्वतःचा कायमचा संच 1960 मध्ये. जगाला जो कोल्ट्रेन माहीत आहे तो तिथून पुढच्या सातच वर्षांचा. 1967 मध्ये तो गेलाही.

अलीकडचं उदाहरण लॉस एंजेलिसच्या सॅक्सोफोनवादक कमासी वॉशिंग्टनचं. 2015 मध्ये तीन डिस्कचा, तीन तासांच्या आसपासचा अल्बम आला आणि तो एकदम गाजला. तेव्हा वय 34. त्याआधी स्नूप डॉगसारख्या रॅपरच्या मागे उभं राहून वाजवलं होतं, आणि अल्बमवरचे साथीदार बरेचसे लहानपणापासूनचे मित्र. त्या संचाला रेकॉर्डिंगच्या आधीच एकमेकांचा श्वास ठाऊक होता, आणि ते ऐकताना कळतं.

तिसरं नाव रुद्रेश महंतप्पाचं, जन्म 1971 चा. आल्टोवर कर्नाटक गमक (सुराला दिलेले झोके) आणि जॅझची हार्मनी एकत्र नांदतील का, हा एकच प्रश्न त्याने वर्षानुवर्षं धरून ठेवला. 2007 मध्ये गुगेनहाइम फेलोशिप मिळाली आणि 2008 मध्ये सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत वाजवणाऱ्या कद्री गोपालनाथांबरोबरचा अल्बम आला. गोपालनाथांनी (1949-2019) गमकासाठी वाद्यातच फेरफार करून घेतले होते. वेगाने वाजवणारे शेकड्यांनी मिळतात. लोक ओळखतात तो आवाज आणि तो धरलेला प्रश्न.

आता मुलीसाठी. पहिली दोन-तीन वर्षं निम्म्याहून जास्त वेळ दुसऱ्याच्या बँडमध्ये साथीला जावं. फॉर्म (गाण्याचा ठरलेला आराखडा) पाळणं, सोलो (एकट्याचं वादन) दोन फेऱ्यांत संपवणं, गायिकेच्या ओळींमधली जागा सोडणं हे तिथेच अंगवळणी पडतं. जोडीला स्वतःचा चौघांचा संच ठेवावा: सॅक्सोफोन, पियानो किंवा गिटार, बास, ड्रम्स. माणसं बदलू नयेत आणि आठवड्यातून एक तालीम चुकवू नये. आठ-दहा स्वतःच्या चाली लोकांसमोर निदान पंधरा-वीसदा वाजवून झाल्या की मगच स्टुडिओ गाठावा. सगळ्यात जास्त वेळा चुकतं ते इथेच. घाईने केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ड्रमर कागदाकडे बघत वाजवतो, सोलो लांबतात, आणि तेच ऐकून आयोजक तिचं मोजमाप करतात. रेकॉर्डिंग 40 मिनिटांचं पुरे. आयोजकाला पाठवताना त्यातला सर्वांत चांगला एकच तुकडा आणि प्रेक्षकांसमोरचा एक न कापलेला व्हिडिओ पाठवावा.

पोटापाण्याचं सांगायचं तर निव्वळ जॅझवर मुंबईत भागत नाही. शिकवण्या, स्टुडिओ, हॉटेलं आणि लग्नसमारंभ यांवर गाडी चालते. त्यात कमीपणा मानू नये. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदातले मनोहारी सिंग हे या शहरातले थोर सॅक्सोफोनवादक, आणि त्यांचं बहुतेक आयुष्य फिल्मी स्टुडिओतच गेलं.

घरात हार्मोनियम आहे. आल्टोवर ‘सा’ वाजवला की पेटीशी जुळत नाही. वाद्य बिघडलंय का?
— ऐरोली

वाद्य ठीक आहे. आल्टोवर बोटांनी सी धरला की ऐकू येते काळी दोन. टेनरवर, म्हणजे आल्टोहून मोठ्या, खालच्या सुराच्या सॅक्सोफोनवर, तोच सी धरला की काळी पाच. म्हणून पेटीच्या पट्टीला जुळवताना बोटं बदलावी लागतात. गायकाचा सा काळी एकमध्ये असेल तर आल्टोवर बी फ्लॅट मेजर धरा, टेनरवर ई फ्लॅट मेजर. काळी चारसाठी आल्टोवर एफ, टेनरवर बी फ्लॅट. काळी पाचसाठी आल्टोवर जी, आणि टेनरवर सरळ सी. पांढरी एक वरवर सोपी वाटते, पण आल्टोवर तिचा ए मेजर होतो, म्हणजे तीन शार्प. नवशिक्यांची बोटं तिथे हमखास अडखळतात.

जुळवणीची आणखी एक परीक्षा आहे. फक्त माउथपीस (तोंडात धरायचा भाग) आणि नेक (वरची वाकडी नळी) जोडून फुंका. आल्टोवर काळी चारच्या आसपास सूर यायला हवा, टेनरवर पांढरी तीनच्या. वर चढला तर जबडा दाबला जातोय, खाली पडला तर ओठ सैल आहेत. हे सुधारल्याशिवाय माउथपीस आत-बाहेर सरकवण्यात अर्थ नाही.

पावसाळ्यात जी शार्पची की चिकटते, वाजतच नाही. रीडवर काळे ठिपकेही आले आहेत.
— कोपरखैरणे

खाडीकाठच्या हवेत हे होणारच. जी शार्पचं पॅड (छिद्र झाकणारी चामड्याची गादी) एरवी बंद असतं आणि ते उघडणारी स्प्रिंग हलकी असते. पॅडचं चामडं थुंकी आणि दमटपणाने चिकट झालं की स्प्रिंगचा जोर कमी पडतो. खालचा सी शार्प आणि ई फ्लॅट यांची पॅडंही अशीच चिकटतात. पॅडखाली सिगारेटचा पातळ कागद सरकवा, ती की हलकेच दाबा, सोडा, आणि कागद नव्या जागी सरकवून हेच चार-पाचदा करा. कागदाची गोंदाची कड पॅडला लागू देऊ नका. तरी चिकटलं तर कागद किंचित ओला करून एकदा, मग कोरड्याने दोनदा. पावडर मात्र नको. ओलीत तिची खळ होते आणि पॅड आणखी बिघडतं.

वाजवून झाल्यावर बॉडी आणि नेक वेगवेगळ्या फडक्याने पुसा. केसमध्ये सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती दर पंधरवड्याला उन्हात तापवा. पण ओलं फडकं केसमध्ये कोंबलंत तर पुडीचा काही उपयोग नाही. सुईसारख्या निळसर स्प्रिंगा पोलादी असतात आणि गंजून मधेच तुटतात. महिन्यातून एकदा सुईच्या टोकाने प्रत्येकीला की-ऑइलचा थेंबभर स्पर्श पुरे. नेकच्या कॉर्कला कॉर्क ग्रीसच लावा. खोबरेल नको, कॉर्कचा गोंद सुटतो.

ठिपके पडलेली रीड (माउथपीसवरची कंपणारी पट्टी) फेकून द्या. ती तोंडात जाते, तिथे काटकसर नको. चार रीड आळीपाळीने वापरा, वाजवून झाल्यावर पाण्याने धुवा, पुसा आणि सपाट रीडगार्डमध्ये ठेवा. माउथपीसवर तशीच ठेवलेली रीड टोकाला लाटेसारखी वाकते आणि चिरकते. नवशिक्याला रीडच्या कडकपणाचा 2 किंवा 2.5 नंबर पुरतो. मोठा नंबर म्हणजे मोठा वादक, हा गैरसमज क्लासमधून पसरतो.

घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये रियाज करतो. शेजारी तक्रार करतात. बेलमध्ये टॉवेल कोंबला तरी आवाज तेवढाच.
— एक वाचक, मानपाडा

आवाज निम्म्याहून जास्त सुरांना बेलमधून (वाद्याच्या रुंद तोंडातून) येतच नाही, उघड्या छिद्रांतून येतो. टॉवेलने फक्त तळचे दोन-तीन सूर दबतात, आणि तेही बेसूर होतात. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट समोर आणि जाड गादी पाठीमागे उभी केली तर खोलीचा घुमारा बराच कमी होतो. भिंतीतून जाणारा आवाज मात्र राहतोच. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. सॅक्सोफोन जवळून नव्वदीच्या पुढे सहज जातो. त्यामुळे सोसायटीशी नियमांवर वाद घालण्यापेक्षा ठरलेली वेळ मागून घ्या, साधारण संध्याकाळी पाच ते सहा. लाँग टोन (एकच सूर लांबवणं) आणि स्केल त्या तासात वाजवा. बोटांचा सराव, चाल म्हणून बघणं, सोलो उतरवून घेणं हे न फुंकताही होतं.

अमेरिकन सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स 1959 मध्ये, नाव ऐन भरात असताना, मंचावरून बाजूला झाला आणि 1961 पर्यंत न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन रियाज करत होता. कारण हेच, शेजाऱ्यांना त्रास नको. हाच रोलिन्स पुढे साठच्या दशकाच्या अखेरीस काही महिने पवईच्या आश्रमात राहून गेला, म्हणजे तुमच्यापासून फार लांब नाही. पूल आपल्याकडेही आहेत, पण ट्रॅफिकमध्ये स्वतःचा सूर ऐकू येणार नाही. येऊरच्या जंगलातही नको, ते राष्ट्रीय उद्यान आहे. त्यापेक्षा शाळा सुटल्यावर रिकामा पडणारा वर्ग भाड्याने मागून बघा.

माझ्या चालीवर मित्राचा बँड वाजवतो. उद्या रेकॉर्डिंग निघालं तर हक्क कुणाचा?
— नेरूळ

चाल तुमची, तर त्या संगीतकृतीचा हक्क तुमचा. नोंदणी केली नसली तरी तो निर्माण होतो आणि तुमच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, तो सहसा पैसे घालणाऱ्याचा. सोलो वाजवणाऱ्याला वादक म्हणून तिसरा हक्क असतो. या तिन्हींची गल्लत झाली की मैत्री तुटते. नुसत्या कॉर्ड्सच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या) क्रमावर सहसा कुणाचा दावा चालत नाही. जुन्या क्रमावर नवी चाल बांधणं ही जॅझची जुनीच रीत आहे. तारीख घातलेली स्वरलिपी आणि फोनवरचं साधं रेकॉर्डिंग स्वतःला ई-मेल करून ठेवा. कागदावर हक्क देताना मुदत आणि प्रदेश लिहा. लिहिलं नाही तर कायदा मुदत पाच वर्षं आणि प्रदेश भारत धरतो. 2012 च्या दुरुस्तीनंतर चित्रपटात वापरलेल्या चालीवरचा रॉयल्टीचा वाटा वारस किंवा हक्कसंस्था सोडून इतर कुणाला देऊन टाकता येत नाही. चालीची रॉयल्टी गोळा करण्यासाठी आयपीआरएस या हक्कसंस्थेचं सभासदत्व घ्यावं.

बँडला कागद देताना पियानोवाल्याला मूळ पट्टीत, आल्टोला त्याहून सहाव्या स्वरावर आणि टेनर-ट्रम्पेटला एक स्वर वर लिहून द्या. एकच झेरॉक्स सगळ्यांना वाटली तर पहिली तालीम वाया जाते.

बँडवाल्याकडून जुना आल्टो मिळतोय. काय बघू?
— कळवा

अंधाऱ्या खोलीत बारीक एलईडी नळीत सोडा आणि किज हलकेच बंद करा. उजेड दिसला तिथे गळती. मग सर्वांत खालचा बी फ्लॅट हळू फुंकून काढून बघा. जोरात तो गळक्या वाद्यावरही निघतो. नेक खाली वाकलेला असेल तर सोडून द्या. लॅकर (पितळेवरचा चकचकीत थर) उडालेलं चालेल. खूपच जुन्या वाद्यावर ‘एच. पी.’ (हाय पिच) कोरलेलं असेल तर ते आजच्या 440 हर्ट्झच्या सुराला जुळत नाही, फुकट मिळालं तरी घेऊ नका. सगळी पॅड बदलायची असतील तर तो खर्च आधी विचारून किमतीतून वजा करा.