लहान मुलांना झाडांचे ‘बोलणे’ कसे समजावून सांगावे?

आपली मुलगी साडेपाच वर्षांची आहे, झाडे एकमेकांशी बोलतात असे तिने कुठेतरी ऐकले आहे आणि आता पान तोडले की झाड रडते का, असे ती विचारते. तिला काय सांगावे, हा आपला प्रश्न. चार ते सात वर्षांच्या मुलांना झाडाझुडपांची ओळख करून देण्याचे काम मी अनेक वर्षे करीत आहे आणि हा प्रश्न माझ्यासमोर वारंवार आला आहे. अनुभवाने माझे मत असे झाले आहे की सुरुवात ‘बोलणे’ या शब्दापासून करूच नये, वासापासून करावी. झाड बोलते म्हटले की मुलाच्या डोळ्यांसमोर तोंड, आवाज आणि शब्द उभे राहतात, आणि पुढे ते सगळे पुसून काढणे फार अवघड जाते. वास मात्र त्यांच्या नाकाला थेट कळतो आणि शास्त्राच्या दृष्टीनेही तीच खरी सुरुवात आहे.

तिला एखादे साधे गवताचे पाते न तोडता हुंगायला सांगा. बहुधा काहीच जाणवणार नाही. मग तेच पाते तिच्याच बोटांनी चुरगळू द्या आणि लगेच पुन्हा हुंगायला सांगा. एका मुलाला मी विचारले होते की हा वास आधी कुठे होता, तेव्हा तो म्हणाला, “पानात झोपला होता.” उत्तर फार गोड होते, पण खरी गोष्ट त्याहून नवलाची आहे: तो हिरवा वास आधी पानात नव्हताच. पान फाटताच त्यातील स्निग्ध पदार्थ तुटू लागतात आणि काही क्षणांतच हवेत सहज उडून जाणारी नवी द्रव्ये तयार होतात. म्हणूनच या प्रयोगासाठी तुळस किंवा पुदिना घेऊ नये, कारण त्यांचा सुगंध पानांवरील सूक्ष्म ग्रंथींत आधीपासून साठवलेला असतो आणि सांगायचा मुद्दाच निसटतो.

हा वास शेजारच्या झाडापर्यंत पोहोचतो आणि तिथे काही घडते, ही पुढची पायरी. १९८३ मध्ये इयान बाल्डविन आणि जॅक शुल्ट्झ या संशोधकांनी पॉपलर आणि मेपलच्या रोपांची काही पाने फाडली, तेव्हा त्याच बंद हवेत ठेवलेल्या, पाने न फाडलेल्या रोपांमध्येही संरक्षक द्रव्ये वाढलेली आढळली. सुरुवातीला या निष्कर्षावर बरीच शंका घेतली गेली. पुढे रिचर्ड कार्बन यांनी सेजब्रश नावाच्या उग्र वासाच्या झुडपावर उघड्या माळावर प्रयोग केले. एका झुडपाची पाने कापली की सुमारे ६० सेंटीमीटरपर्यंतच्या शेजारी फांद्यांना त्या हंगामात किडींचा उपद्रव कमी झाला, पण हवेची वाट अडविली तर हा फरक दिसेना. मुलांना यातले एकही नाव सांगण्याची गरज नाही. हवा अडविली की निरोप अडतो, एवढेच त्यांना समजले तरी पुष्कळ झाले.

ते समजण्यासाठी मी एक खेळ घेते. मुले मोकळ्या जागेत गोलात डोळे मिटून उभी राहतात, मधोमध एक जण ‘झाड’ होऊन लिंबाची साल चुरगळतो आणि ज्याला वास येईल त्याने काही न बोलता हात वर करायचा. वाऱ्याच्या दिशेला असलेल्या मुलांचे हात आधी वर जातात आणि उलट्या बाजूची मुले बराच वेळ तशीच उभी राहतात. डोळे उघडल्यावर ती हमखास तक्रार करतात की आम्हाला कळलेच नाही, आणि तेव्हा वारा कुठून येतो आहे हे त्यांचे त्यांनाच शोधू द्यावे. मधल्या ‘झाडाने’ कोणाला हाक मारली नव्हती, ज्याच्यापर्यंत वास गेला त्याला तो कळला, हेही याच वेळी सहज सांगता येते. जखमी झाड शेजाऱ्याला मुद्दाम सावध करते असे म्हणायला आधार नाही. बहुधा तो वास त्याच झाडाच्या दूरच्या फांद्यांच्या उपयोगी पडतो आणि शेजारी झाड तो आयताच टिपते.

मुलांना सर्वांत आवडते ती मक्याची हकिकत. सुरवंट मक्याचे पान कुरतडू लागला की त्याची लाळ जखमेला लागते आणि रोप एक निराळाच वास सोडू लागते. त्या वासाचा माग काढत बारीक गांधीलमाश्या येतात आणि सुरवंटाच्या अंगात अंडी घालतात. टेड टर्लिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हे दाखविले. अंड्यांतून निघालेल्या अळ्या पुढे सुरवंटाला आतून खातात, हा भाग सांगायचा की नाही ते मूल पाहून ठरवावे. मी तो विचारल्याशिवाय सांगत नाही.

निरोप रंगाचाही असतो, आणि तो पाहण्यासाठी घाणेरीचा एक गुच्छ पुरेसा आहे. अनेक जातींमध्ये मधली नुकती उमललेली फुले पिवळी आणि कडेची जुनी फुले नारिंगी, लाल किंवा गुलाबी असतात. परागण झाले की फुलाचा रंग बदलू लागतो, आणि मध पिवळ्या फुलांत असल्यामुळे फुलपाखरे तिकडेच वळतात. दहा मिनिटे शांत बसून कोणत्या रंगावर किती फुलपाखरे बसली हे मुलीला मोजू द्या. फक्त या झुडपाची पाने आणि कच्ची फळे विषारी असल्यामुळे काहीही तोंडात जाणार नाही याकडे लक्ष ठेवावे.

जमिनीखालच्या बुरशीच्या जाळ्यातून मोठे झाड आपल्या पिल्लांना खाऊ घालते, ही गोष्ट अलीकडे मुलांना सर्रास सांगितली जाते. मी ती सांगत नाही. मुळे आणि बुरशी यांची भागीदारी अगदी खरी आहे आणि १९९७ मध्ये सुझॅन सिमार्ड यांनी दोन जातींच्या झाडांत कार्बनची देवाणघेवाण होते हे दाखविले, परंतु आई-झाडाच्या मायेची जी कथा त्यावर रचली गेली तिला जंगलातील पुरावा अपुरा आहे, असे २०२३ मधील एका सविस्तर आढाव्यात नोंदविले गेले.

आता रडण्याविषयी. २०२३ मध्येच तेल अवीव विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केले की पाण्यावाचून सुकणारी किंवा खोड कापलेली टोमॅटो आणि तंबाखूची रोपे तासाला सुमारे ३० ते ५० वेळा बारीक टकटक करतात आणि तो आवाज आपल्या कानांच्या पलीकडचा, ४० ते ८० किलोहर्ट्झचा असतो. अनेक बातम्यांनी त्याला किंकाळी म्हटले. तो आवाज बहुधा खोडातील पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत हवेचे बुडबुडे फुटल्याने होतो. त्याला रडणे म्हणता येणार नाही.

म्हणून आपल्या मुलीला मी असे सांगेन: “झाडाला मेंदू नसतो, त्यामुळे आपल्याला दुखते तसे त्याला दुखत नाही, पण पान तुटले हे त्याला कळते आणि ते लगेच कामाला लागते.” ‘कळते’ म्हणजे काय हे तिने विचारले, तर लाजाळूचे एक रोप आणून टोकाच्या पानाला हलकेच स्पर्श करू द्या. पर्णिकांच्या जोड्या एकामागून एक मिटत देठाकडे सरकतात, तेव्हा विजेचा एक सूक्ष्म संदेश पानातून धावत असतो. जगदीशचंद्र बोस यांनी गेल्या शतकाच्या आरंभी याच रोपावर असे संदेश मोजले होते. पाने पुन्हा उघडायला काही मिनिटे लागतात, तोवर तिला तिथेच बसून वाट पाहू द्या आणि दुसऱ्यांदा हात लावायची घाई करू देऊ नका.