लाँसला सामना बघायचाय? मग अख्खा दिवस द्या

पॅरिसहून संध्याकाळी निघायचं, उत्तर फ्रान्समधल्या लाँस गावात तिथल्या क्लबचा फुटबॉल सामना बघायचा आणि रात्रीच परतायचं, हे जमेल का, असं तुम्ही विचारलंय. जायला अडचण नाही. पॅरिसच्या गार द्यु नॉर स्टेशनवरून थेट टीजीव्हीने (वेगवान रेल्वेने) तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. अडचण परतीची आहे. पावणेनऊचा सामना संपेपर्यंत पावणेअकरा वाजतात. त्यामुळे तिकीट काढण्याआधी शेवटची गाडी तपासा. मी दोन्ही वेळा तिथेच मुक्काम केला आणि तुम्हीही तेच करा, असं आग्रहाने सांगेन.

कारण हे मैदान गावापासून वेगळं काढून बघण्यासारखं नाही. गावाची वस्ती ३२ हजारांच्या आसपास आणि बोलार्त-दलेलिस स्टेडियममध्ये बसतात ३८ हजार! १९३०च्या दशकात बेकार झालेल्या खाणकामगारांनी ते बांधलं. बोलार्त हे कोळसा कंपनीचे अधिकारी, तर दलेलिस गावचे महापौर. विश्रांतीनंतर खेळ सुरू होताना सगळं मैदान गायक पिएर बाशले यांचं 'ले कोरों' हे गाणं गातं. कोरों म्हणजे खाणकामगारांच्या बैठ्या चाळी. गाण्यातला बाप खाणीत राबणारा आहे. शब्द कळत नसले तरी त्या वेळी चहापाण्याच्या रांगेत राहू नका, जागेवर या.

कट्टर समर्थक इतर ठिकाणी बहुधा गोलमागे असतात, इथे ते मारेक स्टँडमध्ये, मैदानाच्या लांब बाजूला असतात. तिथे पूर्ण वेळ उभं राहावं लागतं. वडील बरोबर आहेत म्हणता, तर समोरच्या बाजूची तिकिटं घ्या, म्हणजे मारेकचा लाल-पिवळा समुद्र समोरच दिसेल. पाहुण्या संघाची जर्सी यजमानांच्या स्टँडमध्ये घालू नका. मोठी बॅग हॉटेलवरच ठेवा.

खाण्याचं म्हणाल तर फ्रितच्या (तळलेल्या बटाट्याच्या) टपऱ्या भरपूर आहेत. पण तुम्ही शाकाहारी आहात म्हणून सांगतो, या भागात बटाटे तळायला गाईची चरबी वापरायची जुनी पद्धत आहे. प्रत्येक ठिकाणी विचारा.

सकाळी बंद पडलेल्या ९ नंबरच्या खाणीच्या जागेवर उभं राहिलेलं लूव्र-लाँस संग्रहालय बघा (मंगळवारी बंद). वाफेच्या इंजिनासारखं बांधलेलं स्टेशनही नीट निरखा. शेजारच्या लोस-आं-गोएल गावचे खाणमातीचे दोन काळे डोंगर दुरूनही दिसतात, पाय चांगले असतील तर चढा.

आणि गाडी भाड्याने घेणार असाल तर वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या नव्ह-शापेलला जा. पहिल्या महायुद्धात पडलेल्या, ज्यांची थडगी सापडली नाहीत अशा ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांची नावं तिथल्या स्मारकावर कोरलेली आहेत. तुम्ही पुण्याचे आहात, म्हणून मुद्दाम सांगतो: २८ ऑक्टोबर १९१४ला या गावावर झालेल्या हल्ल्यात ४७व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या (सैन्यातल्या अभियंता दलाच्या) २० आणि २१ नंबरच्या कंपन्या होत्या.