वाचकांचे प्रश्न : पॅडल दाबताच सुरू होणारी ब्यूक

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची 1947ची ब्यूक सुपर आहे. कार्बोरेटर स्ट्रॉम्बर्गचा आहे. मूळ रचनेत चावी फिरवून ॲक्सिलरेटर दाबला की सेल्फ फिरत असे. दोन पावसाळे गाडी बंद राहिली आणि मधल्या काळात डायनॅमो रिवाइंड करून घेतला. तेव्हापासून पॅडल दाबून बहुतेक वेळा काहीच होत नाही आणि क्वचित कधी इंजिन चालू असतानाच सेल्फ कर्कश आवाज करून दात्यांवर घासतो. आमच्या इलेक्ट्रिशियनने डॅशबोर्डखाली पुश बटण लावून दिले असून, 12 व्होल्टचा अल्टरनेटर बसवण्याचा सल्ला दिला आहे. एका जाणकारांच्या मते ही ‘स्टार्टिक्स’ पद्धत आहे. मूळ व्यवस्था पुन्हा चालू करता येईल का?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : करता येईल, आणि करावीच. आधी एक गैरसमज दूर करतो. स्टार्टिक्स हे बेंडिक्सचे 1930च्या दशकातले उपकरण होते. त्यात चावी लावली की सेल्फ आपोआप फिरे आणि चालता चालता इंजिन बंद पडले तर ते पुन्हा स्वतःच सुरू होई. ब्यूकने 1934पासून जी पद्धत वापरली तिला मात्र चालकाच्या पायाची आज्ञा लागते, त्यामुळे स्टार्टिक्सची वायरिंग आकृती पाहून तुमच्या गाडीला हात लावू नये.

तुमच्या गाडीत सेल्फच्या सोलेनॉइडवर, म्हणजे सेल्फचे दाते पुढे ढकलणाऱ्या विद्युतचुंबकावर, एक छोटा रिले (विजेने चालणारा स्विच) असतो. चावी चालू असताना पॅडल दाबले की कार्बोरेटरवरच्या व्हॅक्यूम स्विचमधून या रिलेच्या कॉइलला वीज मिळते; इंजिन सुरू झाले की त्याच्या शोषणाने, म्हणजे व्हॅक्यूमने, हा स्विच उघडा राहतो. कॉइलचे दुसरे टोक मात्र थेट बॉडीला जोडलेले नसून डायनॅमोच्या आर्मेचरमधून (आतल्या फिरत्या गुंडाळीतून) अर्थ होते, आणि सगळी खुबी इथेच आहे. इंजिन थांबलेले असताना डायनॅमो ही नुसती एक तार असते, म्हणून रिले ओढला जातो. इंजिन सुरू होऊन डायनॅमो वीज देऊ लागला की कॉइलच्या दोन्ही टोकांना जवळपास सारखाच व्होल्टेज येतो आणि रिले सुटतो. म्हणजे सेल्फवर दोन पहारेकरी आहेत, एक कार्बोरेटरवर आणि दुसरा डायनॅमोत. कसारा घाट चढताना पॅडल खोल दाबलेले असते, तेव्हा व्हॅक्यूम घटतो आणि पहिला पहारेकरी ढिला पडतो. त्या वेळी या दुसऱ्या पहारेकऱ्याचे मोल कळते.

तुमच्या दोन्ही तक्रारी रिवाइंडिंगनंतरच्या आहेत, म्हणून मी सेल्फ खोलण्याआधी डायनॅमोपासून सुरुवात करेन. रिलेची परतीची वायर डायनॅमोच्या आर्मेचर टर्मिनलवरच आली आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. ती कोणी सोयीसाठी बॉडीला जोडली असेल, तर दुसरा पहारेकरी गेलाच, आणि व्हॅक्यूम स्विच अडकताच चालू इंजिनावर सेल्फ घासणार. वायर जागेवर असेल, तर कार्बन ब्रश कम्युटेटरला (आर्मेचरच्या टोकावरच्या तांब्याच्या पट्ट्यांना) नीट टेकतात का, ते तपासा, कारण ब्रश अडकला की अर्थ तुटते आणि पॅडल दाबूनही काही होत नाही. खात्री करायची असेल तर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून, इग्निशन कॉइलची जाड तार काढून आणि ती अर्थ करून ठेवा. मग मदतनीसाला चावी लावून पॅडल दाबायला सांगा आणि रिलेची परतीची वायर क्षणभर बॉडीला टेकवा. सेल्फ फिरला, तर दोष डायनॅमोकडे आहे.

रिवाइंडिंगनंतर डायनॅमो पोलराइज केला होता का, म्हणजे त्याची ध्रुवता बॅटरीशी जुळवून घेतली होती का, हेही विचारा. तो उलट्या ध्रुवतेने चार्ज करू लागला, तर कॉइलवर जवळपास दुप्पट व्होल्टेज येतो आणि पहारा असून नसल्यासारखा होतो. इंजिन बंद ठेवून रेग्युलेटरच्या ‘बॅट’ आणि ‘जेन’ टर्मिनलांना एका वायरने निमिषभर स्पर्श केला की पोलराइज करण्याचे काम होते. सातपूर-अंबडकडच्या वाइंडिंगवाल्यांकडे डायनॅमो पुन्हा न्यावा लागला, तर तो 6 व्होल्टचा आहे हे आवर्जून सांगा, कारण त्यांच्या हाताला 12 व्होल्टची सवय असते.

आता व्हॅक्यूम स्विच. याचे झाकण कापडावर धरूनच उघडा, आत स्प्रिंगा आहेत. थ्रॉटल शाफ्टजवळ एक लहान स्टेनलेस गोळी दिसेल. पॅडल दाबल्यावर शाफ्ट ही गोळी ढकलतो, ती वरच्या ठोकळ्याला उचलते आणि संपर्कपट्टी जुळते; इंजिन सुरू झाले की व्हॅक्यूम गोळीला शाफ्टपासून दूर ओढून धरतो आणि स्प्रिंग ठोकळा खाली बसवते. पेट्रोल सुकून साठलेला चिकट थर या गोळीला जागेवर बसवून टाकतो, आणि बंद राहिलेल्या गाडीत हेच अधिक संभवते. भाग कार्बोरेटर क्लीनरने धुवा, व्हॅक्यूमची वाट हवेने मोकळी करा, पट्टीवरचा काळेपणा अगदी हलक्या हाताने काढा. तेल मुळीच घालू नका, थोड्याच दिवसांत त्याचाही चिकटा होतो. बेअरिंगमधली साधी गोळीही टाकू नये, ती गंजते.

अल्टरनेटरचा सल्ला मला पटत नाही. त्यातल्या डायोडमुळे रिलेला परतीची वाटच मिळत नाही; मग परतीची वायर बॉडीला जोडावी लागते आणि संरक्षण हातचे जाते. शिवाय 12 व्होल्टवर सेल्फ गरजेपेक्षा जोरात आदळतो आणि रिंग गिअरचे, म्हणजे सेल्फ ज्यात अडकतो त्या इंजिनाच्या चक्राचे, दाते झिजतात. सेल्फ मंद फिरतो ही खरी अडचण असेल, तर केबल बदला. 6 व्होल्टवर तेवढ्याच ताकदीसाठी करंट दुप्पट लागतो, म्हणून बाजारात मिळणारी 12 व्होल्टची पातळ केबल इथे चालत नाही. तांब्याची किमान 50, शक्य असल्यास 70 चौरस मिलिमीटरची घ्या. सेल्फ फिरताना बॅटरीचा व्होल्टेज 5च्या खाली जाऊ लागला, तर बॅटरी आणि अर्थिंग तपासा.

हे सगळे नीट झाले की पुश बटण काढून टाका, कारण त्याची वायर या दोन्ही पहाऱ्यांना वगळून जाते. आणि चावी गाडीत ठेवू नका. चावी चालू असताना लहान मुलाने खेळता खेळता पॅडल दाबले आणि गिअर पडलेला असला, तर गाडी जागेवरून उडी घेईल.