जॉन सीना 'हील' झाला म्हणजे नेमकं काय झालं?

विचारणा अशी आहे: "माझा बारा वर्षांचा भाचा डब्ल्यूडब्ल्यूईचा भक्त आहे. परवा जेवताना म्हणाला, 'आजी, मध्यंतरी जॉन सीना हील झाला होता.' आई म्हणाली, 'बरं झालं बाई, काय लागलं होतं त्याला?' आम्ही सगळे हसलो, पण मलाही उत्तर देता आलं नाही. हील म्हणजे टाच ना? मग कुस्तीतला हा हील कुठला? आणि त्याला मराठीत सरळ 'खलनायक' म्हटलं तर चालेल का?"

आजींचं काहीच चुकलेलं नाही. मराठीत सध्या तीन हील सुखानं नांदताहेत. एक चपलेचा, दुसरा जखमेचा ("टाके काढले, आता हील होतंय") आणि तिसरा हा रिंगणातला, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूईसारख्या, निकाल आधी ठरवून दाखवायच्या अमेरिकी कुस्तीतला. तिसऱ्याचं मूळ पहिल्यातच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी बोलीभाषेत 'हील' म्हणजे हलकट, दगाबाज माणूस. पायाचं ते हलकं ही समजूत आपल्यालाही नवी नाही, 'पायीची वहाण पायी बरी' म्हणणारे आपणच. (मराठीत मात्र टाच येते ती मालमत्तेवर, आणि ती आणणारा स्वतःला सज्जनच समजतो.)

रिंगणात दुष्टाचं काम करणारा मल्ल तो हील, आणि त्याच्यासमोरचा भला तो 'बेबीफेस', थोडक्यात 'फेस'. गोऱ्यागोमट्या, निरागस चेहऱ्याचा, ज्याला पाहताच प्रेक्षकानं आपलं म्हणावं असा. हे शब्द कुस्तीगिरांच्या आतल्या बोलीतले. तिकडच्या जत्रांतून तंबू ठोकून कुस्त्या दाखवायचे, त्या तंबूवाल्यांच्या बोलीनं या धंद्याला बरेच शब्द दिले. गिऱ्हाइकाच्या देखत बोलायचं आणि त्याला कळू द्यायचं नाही, हा त्या बोलीचा मुख्य उपयोग.

आता 'खलनायक'. चालेल, पण ढिला बसेल. खलनायक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कट रचणारा, जमिनी लाटणारा, वाड्यात बसून हुकूम सोडणारा माणूस येतो. हीलला असं काही करावं लागत नाही. त्याचा दुष्टपणा सगळा वागण्यात असतो, आणि तो वीस फुटांच्या चौकोनात, पंधरा मिनिटांत, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसेल एवढा ठळक करून दाखवायचा असतो.

एक साधा प्रसंग घ्या. हील मार खातोय. फेसनं त्याला कोपऱ्यात रेटलंय. हील गुडघ्यांवर येतो, हात जोडतो, मान हलवत मागे मागे सरकतो. फेस भला माणूस, तो क्षणभर थांबतो. प्रेक्षक ओरडताहेत, "थांबू नकोस!" पंच फेसला मागे सारायला मध्ये येतो आणि त्या क्षणाला हीलचा अंगठा फेसच्या डोळ्यात. पंचानं पाहिलेलं नाही, हजारोंनी पाहिलंय. मग हील त्याला खाली पाडतो, वर पडतो, आणि पंच तीन मोजत असताना स्वतःचे दोन्ही पाय हळूच दोरांवर टेकवतो, म्हणजे भार जास्त पडावा. हे नियमाविरुद्ध आहे हे पोराटोरांना कळतं. जिंकल्यावर तो असा हात उंचावतो, जणू शुद्ध डावानं मारलं.

सगळं इंगित या शेवटच्या वाक्यात आहे. हील नियम मोडतो एवढ्यावर भागत नाही. पकडला जाणार नाही अशा बेतानं मोडायचा, वर सोवळेपणाचा आव आणायचा, आणि बाजू उलटली की पाय लावून पळायचं, हा त्याचा शिरस्ता. फेसचं काम याच्या उलट: सलामी द्यायची, हात मिळवायचा, एकट्यानं दोघांशी भिडायचं, भरपूर मार खायचा आणि योग्य वेळी उसळून उठायचं. तरी लढत बहुधा हीलच चालवतो. पुढचा डाव कोणता, आता किती वेळ दाबून ठेवायचं, हे झटापटीत कानाशी कुजबुजायचं काम परंपरेनं त्याचं. शिव्या खाणारा माणूसच खेळाचा सूत्रधार असतो.

म्हणून मला वाटतं, यासाठी मराठीत एक जुना, बिनवापराचा पण चपखल शब्द पडून आहे: राक्षसपार्टी.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं, आणि त्यानंतर पौराणिक नाटकांच्या मंडळ्या गावोगाव फिरू लागल्या. त्यात नटांची वाटणी पार्टाप्रमाणे असे. देवाची कामं करणारा देवपार्टी, बायकांची करणारा स्त्रीपार्टी, राक्षसांची करणारा राक्षसपार्टी. स्त्रीपार्टी हा शब्द पुढे संगीत नाटकामुळे टिकला, बाकीचे मागे पडले. हा राक्षस रंगमंचावर गुपचूप येत नसे. आधी आतून आरोळी, "अललल डुर्र!", मग पेटत्या पलित्यावर राळेची मूठ, भपकन जाळ, आणि त्या उजेडात तलवार परजत राक्षस थयथयाट करत पुढे. या आरोळीमुळे त्या नाटकांना नंतरच्या सुशिक्षितांनी 'अललडुर्र नाटकं' म्हणून नाक मुरडलं. आज रिंगणात येणाऱ्या मल्लाच्या आधी संगीत वाजतं, दिवे जातात, दोन्ही बाजूंनी आगीचे फवारे उडतात. राळ बदलली, बाकी काय बदललं?

आणि यातला 'पार्टी' महत्त्वाचा. 'खलनायक' म्हटलं की माणूस खल ठरतो. 'राक्षसपार्टी' म्हटलं की त्याच्याकडे राक्षसाचं काम आलंय एवढंच कळतं. उद्या दुसरं येईल. 'हील' या शब्दाची धंद्यातली छटा नेमकी हीच आहे. तो स्वभाव नव्हे, नेमणूक आहे. त्यामुळे 'हील झाला' म्हणता येतं, 'खलनायक झाला' म्हणताना जीभ जरा अडखळते.

आपल्याकडेही हा खेळ होऊन गेला. गेल्या शतकाच्या मध्याला मुंबईत दारासिंग आणि हंगेरियन किंगकाँग यांच्या लढतींना झुंबड उडायची. किंगकाँग हा अजस्र देहाचा, दाढीवाला, गुरकावणारा परका. दारासिंग देखणा, आपल्या मातीतला. कोण कुठली पार्टी हे तिकीट काढतानाच कळावं. पुढे १९८७ च्या 'रामायण' मालिकेत दारासिंग हनुमान झाले, म्हणजे देवपार्टी शब्दशः खरी केली. या लढतींना तेव्हा 'फ्रीस्टाईल' म्हणत. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला ब्राँझ मिळवलं तेही फ्रीस्टाईलमध्येच, पण ती कडक नियमांची ऑलिंपिक कुस्ती. आज आपली वर्तमानपत्रं "नगरपालिकेत दोन गटांत फ्रीस्टाईल हाणामारी" असं छापतात, तेव्हा त्यांच्या मनात खाशाबा नसतात, किंगकाँग असतो. खुर्ची उचलून मारण्याची सोय त्याच शब्दात आहे.

स्पॅनिश बोलणाऱ्या मेक्सिकोनं मात्र वेगळी वाट काढली. तिथल्या 'लुचा लिब्रे' नावाच्या कुस्तीत फेसला 'तेक्निको' म्हणतात आणि हीलला 'रूदो'. तेक्निको म्हणजे तंत्र जाणणारा, डावपेचाचा. रूदो म्हणजे राकट, धसमुसळा. इंग्रजी शब्द शिवी आणि चेहऱ्यावरून आले, हे कुस्तीच्या शैलीवरून. म्हणून ते मराठीच्या जवळचे वाटतात, पण भाषांतराला बसलात की फसाल. 'रूदो'ला 'रांगडा' म्हणायचा मोह होतो, आणि रांगडा ही कोल्हापुरात शिवी नव्हे, शाबासकी आहे. मेक्सिकोचा सर्वांत लाडका मल्ल, चंदेरी मुखवट्याचा एल सान्तो, नावानं संत असूनही सुरुवातीला रूदो होता. नंतर तेक्निको झाला, आणि १९८४ मध्ये वारला तेव्हा मुखवट्यासह पुरला गेला.

आता त्या 'आतल्या' गोष्टीसाठी इंग्रजीत शब्द आहे 'केफेब'. सगळं ठरवलेलं आहे हे बाहेर कळू द्यायचं नाही, रिंगणातलं वैर रस्त्यावरही पाळायचं, असा दंडक. त्याला आपला 'सोंग' पुरतो. देवपार्टी आणि राक्षसपार्टी यांनी एका गाडीतून फिरायचं नाही, एका टेबलावर जेवायचं नाही. १९८७ मध्ये न्यू जर्सीत पोलिसांनी एक गाडी अडवली, तर आत अमेरिकेचा झेंडा मिरवणारा जिम डगन आणि त्याचा इराणी वैरी आयर्न शेख शेजारी शेजारी बसलेले. प्रकरण अमली पदार्थांचं होतं, पण धंद्यातल्या लोकांना शेजारी बसल्याचाच धक्का मोठा होता. पुढे १९८९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीनंच (तेव्हा ती डब्ल्यूडब्ल्यूएफ) त्याच राज्याच्या सिनेटपुढे सांगितलं की हा खेळ नाही, करमणूक आहे. म्हणजे खेळावरचे कर आणि नियम मागे लागू नयेत. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.

ठरवून झालेल्या कुस्तीला मराठीत 'नूरा कुस्ती' म्हणतात, तो हिंदी-पंजाबीकडून आलेला शब्द, आणि तो निंदेचाच आहे. नूरा कुस्तीत फसवणूक असते. इथं प्रेक्षकाला सगळं माहीत असतं आणि तरी तो घसा फोडून ओरडतो. तेव्हा हा शब्द या खेळाला लावू नये असं माझं मत. तमाशाच्या बतावणीला कोणी 'खोटं बोलतात' म्हणून नावं ठेवत नाही.

राहिला 'टर्न', म्हणजे पार्टी बदलणं. (राजकारणातल्या वाचकांनी हसू नये.) तुमच्या भाच्यानं सांगितलेला प्रसंग १ मार्च २०२५ चा, टोरांटोतला. वीसेक वर्षं पोरांचा देव असलेला सीना देवपार्टीतल्याच कोडी रोड्सला मिठी मारतो आणि त्या मिठीतच कमरेखाली वार करतो. त्याआधीचा गाजलेला टर्न ७ जुलै १९९६ चा. जीवनसत्त्वं खा, प्रार्थना म्हणा असं मुलांना सांगणारा हल्क होगन डेटोना बीचला उलटला, तेव्हा रिंगणात कचऱ्याचा पाऊस पडला. माझ्या मते सर्वांत देखणा टर्न २३ मार्च १९९७ चा, शिकागोजवळचा. ब्रेट हार्ट देवपार्टी म्हणून आला होता, स्टीव्ह ऑस्टिन राक्षसपार्टी. ऑस्टिन ब्रेटच्या पकडीत अडकला, कपाळावरून रक्ताची धार दातांपर्यंत आलेली, पण हार मानायला हात काही आपटला नाही. बेशुद्ध पडला. ब्रेट घंटेनंतरही त्याला मारत राहिला. ऑस्टिन मग कुणाचा आधार न घेता लंगडत निघाला आणि सभागृह त्याच्या नावानं दुमदुमलं. एका लढतीत दोघांनी पार्टं अदलाबदल केली. त्यानंतर ऑस्टिन नियम मोडतच राहिला, लोक टाळ्या देतच राहिले. म्हणजे नियमावरून पार्टी ओळखायची जुनी खूण तिथून कच्ची झाली.

तेव्हा लिहिताना 'राक्षसपार्टी' वापरून पाहा, बोलताना 'हील' राहू द्या, फक्त आजीसमोर 'हील झाला' ऐवजी 'उलटला' म्हणा. एक अडचण आधीच सांगतो. मी हा शब्द शेजारच्या एका मुलाला मोठ्या उत्साहानं समजावला. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "काका, राक्षसपार्टीला केक असतो का?"